दिवेवाल्याला मी वाचवलं

१ सप्टेंबर, सोमवार

भामट्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो.

"सूत्रधार, ऑक्टोबरात माझी बदली. पार दुसऱ्या टोकाला. त्याआधी बसायचंच. चौघं, तुझ्या घरी, चौदा तारखेच्या रविवारी दुपारी. नाही म्हणालास तर अंगठे धरून वर्गाबाहेर उभा करीन."

भामटा आता मुख्याध्यापक आहे. कॉलेजात खेळताना तो चोर व्हायचा म्हणून भामटा. नाव चिकटलं ते चिकटलंच. मी लगेच हो म्हणालो. फोन ठेवल्यावर पाहिलं तर एकाच बाटलीवर दोन चिठ्ठ्या लावल्या होत्या.

बायको म्हणते, तू डायरीतसुद्धा सगळं पहिल्यापासून समजावून लिहितोस, जणू कुणी तपासायला येणार आहे. खरं आहे. वीस वर्षं पाणी तपासतोय. नोंद अशी हवी की अनोळखी माणसानं उघडली तरी त्याला कळावी. तर लिहून ठेवतो. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघं एक खेळ खेळायचो. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, चोर, योद्धा, वैद्य. चौथा सूत्रधार. तो एक गाव रचतो, त्यातली बाकी सगळी माणसं, भुतं, कुत्री स्वतःच बोलतो, आणि खरं काय घडलंय ते पुठ्ठ्याच्या आडोशामागच्या वहीत लिहून ठेवतो. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. सूत्रधार मी. आमची पात्रं दुसऱ्या पायरीच्या वर कधी चढलीच नाहीत, दर वेळी परीक्षा आडवी यायची. इतरांची टोळकी राक्षस मारायची. आमच्या योद्ध्याला एकदा कोंबड्यानं बेशुद्ध पाडलं होतं. तो योद्धा म्हणजे पैलवान, काडीसारखा हडकुळा, आता चष्म्याचं दुकान चालवतो. आणि वैद्यबाई. ती विमा कंपन्यांसाठी जळालेली गोदामं बघते, आग कुठून लागली ते सांगते.

त्या खोलीचा वास आत्ता आला. ओल्या टॉवेलचा आणि ताज्या झेरॉक्सचा.

६ सप्टेंबर, शनिवार

जुनी वही ताईकडे मिळाली. बाबांच्या लोखंडी कपाटात, कारखान्यातल्या चौकशीच्या कागदांची फाइल आहे त्यात. आवरताना ताईनंच कोंबली असेल म्हटलं, तर ती म्हणाली, "मी? बाबा गेल्यापासून त्या कपाटाला हात लावलेला नाही मी." मग आईनं ठेवली असेल.

पहिल्या पानावर तारीख, ११ फेब्रुवारी. खाली माझं तेव्हाचं टोकदार अक्षर: 'गिरणीवाल्याचा खून'. हा आमचा सगळ्यात गाजलेला खेळ. दलदलीकाठचं गाव. रात्री दलदलीतून सावल्या येतात, उजेडाबाहेर सापडलेल्या माणसाचा जीव शोषतात. म्हणून गावाभोवती एकतीस दिवे आणि ते लावणारा एक म्हातारा दिवेवाला. एका सकाळी गिरणीवाला विझलेल्या दिव्याखाली मरून पडलेला सापडतो.

वही वाचत गेलो आणि सातव्या पानावर थांबलो. 'खुनी: दिवेवाला. आठवड्यापूर्वी पुलावरचा दिवा लावायचा राहिला, तरी त्यानं नोंदवहीत खूण केली. वाटसरू मेला. गिरणीवाल्याला माहीत. म्हणून त्याच्या दारच्या दिव्याची वात कापली.'

हे मी विसरलो होतो असं लिहिणार होतो. ते खरं नाही. विसरलो नव्हतो, बघत नव्हतो.

त्या संध्याकाळी वैद्यबाईनं सगळं उलगडलं होतं. सावल्या ज्योत विझवतात, वात जळकीच राहते. ही वात सरळ कापलेली आहे. वात कापायची कात्री गावात एकाकडेच. भामटा मात्र पहिल्यापासून गावच्या नाक्यावर जकात घेणाऱ्या नाकेदाराच्या मागे लागला होता. पुरावा काय, तर "थोबाड बघा त्याचं!" आणि मी, ज्याला खरं माहीत होतं, आडोशामागे एक फासा टाकला, त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि म्हणालो, "नाकेदार रडायला लागतो. तो कबूल करतो."

भामट्याला आम्ही खांद्यावर घेतलं. नाकेदाराला फाशी झाली. तेव्हापासून वैद्यबाई म्हणजे निष्पाप म्हाताऱ्या दिवेवाल्याला फासावर द्यायला निघालेली. चोवीस वर्षं. दर भेटीत कुणीतरी म्हणतंच, "हिच्यासमोर जपून रे." तिच्या लग्नात भामट्यानं कंदील भेट दिला होता, चिठ्ठी लावून: 'मालक निर्दोष होता.' ती हसली होती. तीच सगळ्यात जास्त हसते.

दिवेवाला सगळ्यांचा लाडका होता म्हणून बदललं, दुसरं काय असणार. पण दुसऱ्यानं कुणी असं केलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं?

७ सप्टेंबर, रविवार

बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती.

"मग फोन कर आणि सांग तिला. 'तू बरोबर होतीस, मी लबाडी केली.' दोन मिनिटांचं काम."

"इतकं सोपं नाही ते."

"सोपंच आहे. लाज वाटतेय म्हण."

वाटतेय. शिवाय फोनवर सांगितलं तर फक्त तिला कळणार. चेष्टा भामट्याच्या आणि पैलवानाच्या तोंडी राहणार. ती मोडायची तर त्या दोघांसमोर मोडली पाहिजे, आणि भामटा जायच्या आत. म्हणजे चार रविवार.

रात्री जेवताना सुचलं. नवा खेळ मांडायचा तो त्याच गावात, चोवीस वर्षांनंतर. नाकेदाराची मुलगी आता मोठी झालीय. ती येऊन म्हणते, माझ्या बापानं काही केलं नव्हतं, कुणीतरी पुन्हा चौकशी करा. नवी पात्रं, पहिलीच पायरी, प्रत्येकाला चार-पाच प्राण, ते संपले की पात्र मेलं. तीच वात, तीच नोंदवही त्यांच्या हाती लागेल. सत्य खेळातूनच बाहेर येईल आणि मग मी म्हणेन, पहिल्यापासून हेच होतं.

"म्हणजे दोन मिनिटांऐवजी महिना," बायको म्हणाली.

१४ सप्टेंबर, रविवार

काय दुपार होती! जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढलं, आडोशाला बुटांच्या खोक्याचं झाकण उभं केलं. पैलवानानं त्याचा जुना कागद जपून ठेवलाय, 'ताकद १६' च्या खाली चहाचा गोल डाग. भामट्यानं खिशातून तोच हिरवा फासा काढला, सगळे कोपरे झिजलेले. आम्हा तिघांपैकी दोघांना त्यावरचा आकडा दिसेना. पैलवानानं तिथंच प्रत्येकाचा चष्मा काढून घेऊन उजेडात धरला.

"काय रे हे! मुख्याध्यापक, तू दोन वर्षं भिंतीशी बोलत असशील."

"भिंती ऐकतात तरी. मुलांचं सांगू नकोस."

वैद्यबाई शेवटी आली. बुटांना राख लागलेली, सकाळी गोदाम बघून थेट इकडे. "कुणी लावली?" भामट्यानं विचारलं. "उंदरानं. वायर कुरतडली. तुझ्यासारखाच होता, हावरट." तिनं नवं पात्र घेतलं ते म्हातारी सुईण. पैलवान पुन्हा योद्धा. भामट्याचा चोर आता म्हणे सुधारलाय, फक्त कुलपं दुरुस्त करतो.

मी सुरुवात केली. दलदलीवरचं धुकं, नाक्यावर उभी मुलगी. ती म्हणाली, "माझ्या बापाला तुमच्यासारख्याच तिघांनी फासावर दिलं."  मग भामटा ओरडला, "अरे वा! माझ्यावरच खटला!" आणि वैद्यबाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "या वेळी तरी म्हाताऱ्याला सोड गं, नव्वदीचा झाला असेल तो."

ती हसली, पण माझ्याकडे बघत होती.

मग ते दिवेवाल्याकडे गेले. मी त्याचा आवाज काढला. चोवीस वर्षांत एकदाही काढला नव्हता, तरी आपोआप आला, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा, मध्येच घसा साफ करणारा. "बसा. अंधार पडायला वेळ आहे अजून."

"तस्साच!" पैलवान म्हणाला. "कुठून आणतोस रे हा आवाज?"

म्हटलं, येतो असाच. तेवढ्यात बायको हातात चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि ट्रे तसाच घेऊन परत आत गेली. नंतर विचारलं तर म्हणाली, साखर विसरले होते.

२१ सप्टेंबर, रविवार

आज काहीतरी बिनसलं. कुठं ते नीट लिहून बघतो.

नाकेदाराच्या घरी पत्र्याचा डबा सापडला, त्यात ती जुनी वात. मुलीनं सांगितलं, बाप शेवटपर्यंत म्हणत होता की ही जपून ठेवा. मी वर्णन केलं: टोक जळकं नाही, सरळ कापलेलं. याहून ठळक काय सांगणार? पैलवानानं विचारलं, "म्हणजे कुणीतरी कापली?" आणि वैद्यबाई म्हणाली, "चोवीस वर्षं डब्यात होती रे. उंदरानं कुरतडली असेल."

उंदरानं! जळक्या कोळशातून वायरचा तुकडा उचलून आग कुठं लागली ते सांगणारी बाई. कुरतडलेलं आणि कापलेलं यातला फरक हिच्याइतका कुणाला कळतो?

पुढेही तेच. नोंदवही बघायला जाऊ म्हणून पैलवान उठला तर ती म्हणे आधी दलदलीत जाऊ. दलदलीत दोन सावल्यांनी पैलवानाला पार एका प्राणावर आणलं. भामट्यानं त्याला पायाला धरून ओढत आणलं, दोघंही इतके हसले की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. मीही हसलो. त्या तासात आम्ही एकवीस वर्षांचे होतो, पैलवानाचे केस त्याच्या डोक्यावर होते आणि उद्या फक्त प्रॅक्टिकल होतं.

पण गेली दुपार, आणि वातीचं राहिलं ते राहिलंच.

तिला कळलं नसेल हे शक्य नाही. मग ती माझी फजिती करतेय का? की चोवीस वर्षांच्या चेष्टेनं आता तिला बरोबर असण्याचीच भीती बसलीय? हे दुसरं खरं असेल तर त्याला जबाबदार मी.

२४ सप्टेंबर, बुधवार

प्रयोगशाळेत नव्या मुलीवर आवाज चढवला. चाळीस नमुन्यांपैकी शेवटच्या तीनचं क्लोरीन न मोजताच तिनं आकडे भरले होते. "सर, रोज तेवढंच येतं." मी म्हणालो, रोज येतं म्हणून आज आलं असं होत नाही. ती रडली. नंतर माफी मागितली, आवाजाबद्दल, मुद्द्याबद्दल नाही.

आकडा पाहिल्याशिवाय लिहायचा नाही, याबाबतीत मी कडवा आहे. बाबांच्या कारखान्यातल्या अपघातामुळे असेल. मी शेवटच्या वर्षाला होतो, जानेवारीचा शेवट. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला आणि एक कामगार गेला. त्या पाळीला बॉयलरवर बाबा होते. व्हॉल्व्ह तपासला अशी त्यांची सही नोंदवहीत होती, म्हणून चौकशीत ते सुटले. फिटरनं काम कच्चं केलं असं ठरलं, त्याची नोकरी गेली. सुट्टीत घरी गेलो की बाबा गच्चीवर बसलेले असायचे. घरात कुणी त्यावर बोलायचं नाही. मीही काही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही नव्हतंच, सही होती.

उद्या त्या मुलीला पुन्हा नीट समजावून सांगायला हवं.

२८ सप्टेंबर, रविवार

मी या रविवारी त्यांना नोंदवहीपर्यंत न्यायचंच ठरवलं होतं. नेलं. गावाच्या चावडीत, धुळीत, चोवीस वर्षांपूर्वीचं पान. एकतीस दिवे, एकतीस खुणा, वाटसरू मेला त्या रात्रीसुद्धा.

भामटा हळूहळू बोलायला लागला. "थांबा, थांबा. पुलावरचा दिवा त्या रात्री बंद होता, हे मुलगी सांगते. मग खूण कशी? आणि ती वात... ए, वात बाहेर काढ गं. तुझ्या झोळीत आहे ना?"

वैद्यबाई म्हणाली, "होती. आता नाही. माझ्या सुईणीनं ती शेकोटीत टाकली."

"काय?"

"हात थरथरला म्हातारीचा. वय झालंय."

"फासा टाक!" पैलवान ओरडला. "हात थरथरला की नाही ते फासा ठरवेल!"

"फासा कशाला? मी टाकली म्हणतेय ना."

भामटा खुर्चीवरून उठला. "मुद्दाम? पुरावा जाळलास? आता कुठं मला पटायला लागलं होतं!" तो चेष्टेत ओरडत होता, पण पुरता चेष्टेत नाही. ती त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलली. "म्हाताऱ्याला राहू दे ना. चोवीस वर्षं राहिलाय."

मी आडोशामागच्या कागदाकडे बघत राहिलो, जणू उत्तर तिथं लिहिलेलं आहे. खेळ तिथंच थांबवला. जाताना ती दारात म्हणाली, "रागावलास?" मी नाही म्हटलं. खरं तर रागावलो होतो. माझी कबुली तिनं जाळली होती.

३० सप्टेंबर, मंगळवार

बायको म्हणाली, "ती तुला सांभाळतेय."

"कशापासून?"

 रात्री दिवा घालवताना ती म्हणाली, "मामंजींना मी नऊ वर्षं ऐकलंय रे. त्या दिवशी ट्रे पडायचा राहिला हातातून."

मी अंधारात पडून राहिलो. ती म्हणते तसं आवाज सारखा असेलही. मुलाचा आवाज बापासारखा असणारच. यापलीकडे ती काय सुचवतेय ते मला कळत होतं, आणि मी कूस बदलली. हे जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

५ ऑक्टोबर, रविवार

शेवटचा रविवार. टेबलावर आडोसा ठेवलाच नाही. सगळे बसल्यावर वही उघडून सातवं पान मध्ये ठेवलं आणि म्हणालो, "आधी हे वाचा. तारीख बघा. त्या दिवशी वैद्यबाई बरोबर होती. मी आयत्या वेळी खुनी बदलला. फासा टाकला तोही बघितला नाही."

पैलवानानं दोनदा वाचलं. भामट्यानं चष्मा काढला, पुसला, घातला.

"म्हणजे मी जिंकलोच नाही?"

"नाही."

"तुम्ही मला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फिरवलंत!"

"हो."

"आणि हिला मी..." तो वैद्यबाईकडे वळला.  "कंदील दिला गं मी तुला. लग्नात."

"चांगला आहे तो," ती म्हणाली. "वीज गेली की लावतो आम्ही."

"तुला माहीत होतं?"

"पहिले दोन महिने नाही. वाटलं, माझंच चुकलं. परीक्षेचा अभ्यास सोडून सगळं पुन्हा मांडलं कागदावर. कुठंच चूक सापडेना. मग चिडले. तो कागद घेऊन अभ्यासाच्या सुट्टीत याच्या घरी गेले, तोंडावर मारायला." तिनं माझ्याकडे बघितलं. "सांगू?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, खरंच आठवत नाही.

"तू नव्हतास. तुझ्या बाबांनी दार उघडलं. म्हणाले, 'बसा, येईल तो. अंधार पडायला वेळ आहे अजून.' मी बसलेच एकदम. तोच आवाज. टेबलावर चौकशीचे कागद पसरलेले, त्यांच्यात तुझी ही वही. त्यांनी स्वतः चहा केला. मग विचारलं, 'तुम्ही मुलं तो खून खेळलात, त्यात शेवटी कुणी केलेला निघाला?' मी म्हटलं, 'नाकेदारानं.' "

"मग?"

"काही नाही. 'असं का,' म्हणाले. कप घेऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मी कागद पर्समध्येच ठेवला आणि परत आले. तेव्हापासून नाही चिडले. पण आवडायचं पण नाही हं तुमचं ते हसणं. दर वेळी वाटायचं, आज तरी हा थांबवेल."

 भामटा तिच्याजवळ गेला, म्हणाला, "चूक झाली, बाई," आणि मुख्याध्यापक असूनही खरंच अंगठे धरून उभा राहिला. ती हसली, त्याच्या डोक्यावर टपली मारली. मी माफी मागितली. शब्द इथं लिहीत नाही, ते अपुरे होते. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि मला वाटतं ते खरं होतं, बरंचसं.

पैलवान म्हणाला, "मग खेळ संपला?"

"नाही," वैद्यबाई म्हणाली. "माझ्या सुईणीला त्या म्हाताऱ्याला भेटायचंय. वात जळाली तर जळाली. मला एकच विचारायचंय." ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "बाबा, त्या रात्री पुलावरचा दिवा लावायचा का राहिला?"

वहीत हे लिहिलेलं नव्हतं. 'राहिला' एवढंच. मी एकवीस वर्षांचा होतो, कारण सुचलं नसेल, किंवा नको असेल. मला नवं काही रचता आलं असतं. तोंड उघडलं तर तो आवाज आला.

"थंडी होती, बाई. तीस दिवे लावून झाले होते. पुलापर्यंत जायचं म्हणजे चारशे पावलं. रोज लावतो, रोज लागतो. म्हटलं, आधी खूण करून ठेवतो, मग जातो. आणि शेगडीपाशी डोळा लागला. सकाळी वहीत खूण होती. ती मीच केली होती, तरी मला वाटलं, खूण आहे म्हणजे लावलाच असेल. बरेच दिवस असंच वाटायचं."

"आणि नाकेदार?"

"त्याचं नाव कुणी घेतलं तेव्हा मी खाली बघत होतो. कुणी मला विचारलं नाही. एकदा जरी कुणी विचारलं असतं..."

इथं आवाज थांबला. मी रडत नव्हतो. फक्त पुढचं वाक्य कुणाचं आहे ते कळेना. पैलवानानं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

खेळाचा निकाल लागला नाही. भामटा निघताना मला मिठी मारून म्हणाला, "पत्ता पाठवतो. येत जा." हिरवा फासा तो टेबलावर विसरला असं मला वाटलं. बायको म्हणते, ठेवून गेला.

८ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवस झाले. मी स्वतःशी वाद घालतोय, तो लिहितो. खेळात मी बोललो तो पुरावा नाही. बाबांनी तो व्हॉल्व्ह पाहिला होता की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या आवाजात मी काहीही म्हणू शकतो, म्हणून ते त्यांचं म्हणणं होत नाही. प्रयोगशाळेत मी हा नमुना बाद केला असता.

पण फिटर होता. तो कुणी रचलेला नव्हता.

ताईला विचारलं. तिनं फिटरचा पत्ता सांगितला. पाठ होता तिला.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरा मजला, जिन्यात सायकल. दार त्यानंच उघडलं. ऐंशीच्या आसपास, ताठ, कानात यंत्र. बोटांना अजून ग्रीस लागलंय असं वाटावं इतकी नखं काळी. मी नाव सांगितलं, मग बाबांचं सांगितलं.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागावेल, दार लावेल, असं मी धरून चाललो होतो. तो बाजूला झाला.

"यायचा तो," तो म्हणाला. "वर्षाला एकदा, जानेवारीत. मरेपर्यंत. त्या खुर्चीत बसायचा."

"काय बोलायचे?"

"काही नाही. चहा प्यायचा, घसा साफ करायचा, जायचा. मी वाट बघायचो, आज बोलेल. मग वाट बघायची सोडली. तरी खुर्ची पुसून ठेवायचो."

मी त्या खुर्चीजवळ उभा होतो. बस म्हणून हात दाखवला नाही त्यानं.

"तू बोलायला आलायस," त्यानं विचारलं, "की तूही नुसता बसायलाच?"

"बोलायला," मी म्हणालो.

त्यानं कानातलं यंत्र नीट बसवलं आणि माझ्यासमोर बसला.